हायड्रॉलिक हँडब्रेक : गाडी फिरवायला उत्तम, उभी करायला धोक्याचा! असे का?

तारापूर एमआयडीसीला लागून असलेल्या सालवड, पास्थळ, बोईसरच्या रस्त्यांवर टँकर आणि ट्रेलरची ये-जा सतत सुरू असते. माल उतरवण्यासाठी थांबलेला चालक खाली उतरण्यापूर्वी हँडब्रेकची छोटी दांडी ओढतो आणि ‘फुस्स’ असा आवाज येतो. ऐकणाऱ्याला वाटते, हवेच्या दाबाने ब्रेक लागला. प्रत्यक्षात उलटे घडलेले असते. हवा बाहेर गेली, म्हणून ब्रेक लागला.

दाबाने लागणारा ब्रेक आणि दाब गेल्यावर लागणारा ब्रेक यांतला हा फरक छोट्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीतही फार महत्त्वाचा ठरतो. समाजमाध्यमांवरच्या ‘ड्रिफ्ट’च्या व्हिडीओंमध्ये गिअरच्या शेजारी एक उंच, सरळ उभी दांडी दिसते. चालक ती क्षणभर ओढतो आणि गाडी जागच्या जागी गर्रकन वळते. हाच हायड्रॉलिक हँडब्रेक. हौशी मंडळी तो आपल्या गाडीत बसवून घेतात. काही जण तर मूळ हँडब्रेक काढून टाकून त्याच्या जागी हा बसवतात. हे यंत्र नेमके काय करते आणि काय करत नाही, ते समजून घेऊ.

साधा हँडब्रेक कसा चालतो?

बहुतेक जुन्या आणि स्वस्त गाड्यांमध्ये हँडब्रेकचा दांडा एका पोलादी केबलला जोडलेला असतो. दांडा ओढला की केबल ताणली जाते आणि मागच्या चाकांतील ब्रेक शू ड्रमवर किंवा पॅड डिस्कवर दाबले जातात. ओढताना येणारा ‘कट-कट’ आवाज दांड्याखालच्या दातेरी पट्टीचा असतो. एक खिट्टी त्या दात्यांत अडकते आणि दांडा तिथेच थांबतो. हात काढला तरी केबल ताणलेलीच राहते. दांड्याच्या टोकाचे बटण दाबले की खिट्टी सुटते.

या व्यवस्थेत द्रव नाही, हवा नाही, वीज नाही. लोखंडात लोखंड अडकलेले असते. त्यामुळे गाडी रात्रभर उभी राहिली काय किंवा महिनाभर, पकड बहुतांशी तशीच राहते. केबलला थोडी लवचीकताही असते. तापलेली डिस्क थंड होऊन किंचित आकसली, तर ताणलेली केबल स्प्रिंगसारखी थोडी मागे येते आणि पॅडवरचा जोर टिकवते.

दोष मात्र याच केबलमध्ये आहेत. ती कालांतराने सैल पडते, तिच्या आवरणात गंज आणि धूळ जाते, डाव्या आणि उजव्या चाकाला सारखा जोर मिळत नाही. गाडी उभी ठेवायला एवढ्याने बिघडत नाही. शर्यतीत मात्र एका क्षणात दोन्ही मागची चाके एकदम अडकवायची असतात आणि लगेच सोडायची असतात. तिथे केबल कमी पडते.

हायड्रॉलिक हँडब्रेकमध्ये काय बदलते?

इथे केबलऐवजी ब्रेक ऑइल काम करते. दांड्याच्या बुडाशी एक छोटा मास्टर सिलिंडर असतो. दांडा ओढला की त्यातला पिस्टन पुढे सरकतो आणि ऑइलवर दाब येतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो, हा सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याचा नियम. त्यामुळे डाव्या आणि उजव्या कॅलिपरला तंतोतंत सारखा दाब मिळतो. कारखान्यातला हायड्रॉलिक प्रेस आणि गॅरेजमधला जॅक याच नियमावर चालतात.

शर्यतीच्या हायड्रॉलिक हँडब्रेकला सहसा दातेरी पट्टी आणि खिट्टी नसते, आणि ती मुद्दामच ठेवलेली नसते. वळणाच्या मध्यावर दांडा अडकून बसला तर चाके सुटणार नाहीत आणि गाडी हाताबाहेर जाईल. हात सोडला की ब्रेक सुटलाच पाहिजे, हीच त्याची रचना. ही गरज जुनीच आहे. एमजी आणि ट्रायम्फच्या काही जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये ‘फ्लाय-ऑफ’ प्रकारचा हँडब्रेक होता. त्याची खिट्टी बटण दाबले तरच अडकत असे, एरवी दांडा मोकळा सुटत असे.

हलक्या गाडीला किती दाब लागतो?

उदाहरणासाठी ७०० किलोंची एक दोन आसनी गाडी घेऊ. तिचे निम्मे वजन पुढच्या चाकांवर आणि निम्मे मागच्या चाकांवर आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर २.३ मीटर आहे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर आहे.

ब्रेक लागला की गाडीचे वजन पुढे झुकते, हे प्रत्येकाने अनुभवलेले असते. पायाच्या ब्रेकने जोरात थांबवताना या गाडीचे सुमारे ११० किलो वजन मागून पुढे सरकते. मागच्या चाकांवर ३५० ऐवजी साधारण २४० किलोच उरतात. फक्त हँडब्रेक ओढला तर गाडी तेवढ्या जोरात थांबत नाही. त्यामुळे वजनही कमी सरकते आणि मागे सुमारे ३०० किलो राहतात. कोरड्या रस्त्यावर ही दोन चाके अडकवायला, ३४ मिलिमीटर पिस्टनच्या छोट्या कॅलिपरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला साधारण ४७ किलोंचा दाब पुरतो. पावसाने ओल्या रस्त्यावर ३० किलोंच्या आसपास दाबही पुरतो.

आता दांड्याचा हिशेब. हाताने २० किलोंचा जोर लावला आणि दांड्याच्या तरफेने तो सातपट झाला, तर पिस्टनवर १४० किलो पडतात. सिलिंडरचा व्यास पाच अष्टमांश इंच असेल, तर दाब होतो सुमारे ७० किलो. व्यास पाऊण इंच असेल तर त्याच हाताच्या जोरात फक्त ४९. म्हणजे कोरड्या रस्त्यावर चाके अडकवायला बारीक सिलिंडरला हाताचा १३ किलो जोर पुरतो, जाड सिलिंडरला १९ किलो लावावा लागतो. त्याची किंमत वेगळ्या प्रकारे मोजावी लागते. तेवढेच ऑइल ढकलायला बारीक सिलिंडरचा पिस्टन जवळपास दीडपट अंतर सरकवावा लागतो, त्यामुळे दांडा जास्त मागे येतो.

ओल्या रस्त्यावर बारीक सिलिंडरला नऊ किलोंहून कमी जोर पुरतो. बाजारातून भाजीची पिशवी उचलायला लागतो तेवढा हा जोर आहे. हलक्या गाडीत हायड्रॉलिक हँडब्रेक कमी पडण्याची भीती नसते, तो गरजेपेक्षा जास्त लागण्याची असते. गाडीचा आकार आणि वजन न पाहता ‘सगळ्यात दमदार’ संच निवडणे म्हणूनच चुकीचे.

मागची चाके अडकली की गाडी का फिरते?

टायर आणि रस्ता यांच्यातली पकड ही एक मर्यादित शिल्लक असते. ती गाडी थांबवण्यासाठी खर्च करता येते किंवा वळताना गाडीला बाजूला सरकण्यापासून रोखण्यासाठी. चाक पूर्ण अडकले आणि घसरू लागले की ही सगळी शिल्लक घसरण्यातच जाते. बाजूला धरून ठेवणारी पकड जवळपास उरत नाही.

हँडब्रेक ओढल्यावर पुढची चाके फिरतच असतात, म्हणून ती स्टिअरिंगचे ऐकतात. मागच्या चाकांची बाजूची पकड मात्र संपलेली असते. गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि पुढचा भाग वळणाच्या आत येतो. रॅलीत अरुंद मातीच्या रस्त्यावरच्या ‘हेअरपिन’ वळणावर याचाच उपयोग होतो. दांडा सोडला की मागची चाके पुन्हा फिरू लागतात, पकड परत येते आणि गाडी नव्या दिशेने निघते. ज्या गाडीचे इंजिन मागची चाके फिरवते, तिथे दांडा ओढताना क्लच दाबावा लागतो, नाहीतर इंजिन बंद पडते.

महाराष्ट्राला हा खेळ नवा नाही. राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद स्पर्धेच्या फेऱ्या नाशिक परिसरात झाल्या आहेत. पुण्याचे संजय टकले आशिया-पॅसिफिक रॅली स्पर्धांपर्यंत पोहोचले आहेत. अशा स्पर्धांमध्ये रस्ता बंद असतो, गाडीत लोखंडी पिंजरा असतो, चालकाला हेल्मेट आणि पट्टे असतात आणि गाडीची तांत्रिक तपासणी होते. हायड्रॉलिक हँडब्रेक या वातावरणासाठी जन्मला आहे. वाघोबा घाटात किंवा जव्हारच्या वळणांवर समोरून येणाऱ्या एसटीसाठी नाही. आखूड, हलकी गाडी लवकर फिरते. त्यामुळे तिला सावरायला वेळही कमी मिळतो.

जोडणी कशी करतात आणि चूक कुठे होते?

जोडणीचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात पायाच्या ब्रेककडून मागे जाणारी नळी कापून मधे हँडब्रेकचा सिलिंडर बसवतात. दांडा मोकळा असताना पायाने दाबलेले ऑइल या सिलिंडरमधून पुढे जाते. दांडा ओढला की आतला पिस्टन तो मार्ग बंद करतो आणि पुढच्या ऑइलवर स्वतःचा दाब देतो. हा प्रकार स्वस्त आणि हलका आहे, म्हणून लोकप्रिय आहे.

दुसऱ्या प्रकारात हँडब्रेकचा मार्ग पूर्ण वेगळा असतो. त्याची ऑइलची टाकी वेगळी, नळ्या वेगळ्या आणि मागच्या प्रत्येक डिस्कवर दुसरा कॅलिपर वेगळा. खर्च आणि वजन वाढते, पण पायाच्या ब्रेकला हात लागत नाही.

पहिल्या प्रकारात तीन चुका वारंवार होतात. पहिली चूक चुकीच्या सिलिंडरची. टाकीतून नुसते ऑइल ओढण्यासाठी बनवलेल्या सिलिंडरच्या तोंडाला पायाच्या ब्रेकचा पूर्ण दाब सहन होत नाही. नळी आट्यांनी घट्ट बसेल असे तोंड असलेला सिलिंडरच इथे लागतो.

दुसरी चूक पिस्टन पूर्ण मागे न येण्याची. दांडा आणि पिस्टन यांच्यात थोडी मोकळीक ठेवली नाही, तर ऑइलचा परतीचा मार्ग अर्धवट बंद राहतो. मागचे ब्रेक किंचित लागलेले राहतात, तापतात आणि चालकाला ते बराच वेळ कळतही नाही.

तिसरी चूक सर्वात गंभीर. पुढची चाके ओढणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये ब्रेकचे दोन मार्ग तिरपे असतात. एक मार्ग पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक सांभाळतो, दुसरा उरलेली दोन. एक नळी फुटली तरी दुसऱ्या मार्गावर गाडी थांबावी, हा त्यामागचा विचार. एकच हायड्रॉलिक हँडब्रेक दोन्ही मागच्या चाकांना जोडताना कारागिराने हे दोन मार्ग एकमेकांना जोडून टाकले, तर ही सुरक्षितताच संपते. मग एका ठिकाणी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जाऊ शकतो. अशा गाडीला दोन सिलिंडरचा हँडब्रेक लागतो किंवा सगळ्या नळ्या नव्याने आखाव्या लागतात.

याशिवाय एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या कारमध्ये एबीएस बंधनकारक आहे. चाके अडकू न देणे हे एबीएसचे काम आणि चाके अडकवणे हे या हँडब्रेकचे. एकाच नळीवर दोघे बसले की एबीएसच्या संगणकाला चाकांच्या वेगाचे विचित्र आकडे मिळतात. गाडी स्थिर ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही गोंधळू शकते.

मग गाडी उभी करायला तो का चालत नाही?

जोर कमी पडतो म्हणून नाही. दर १०० मीटरला २० मीटर चढणाऱ्या तीव्र उतारावर आपल्या ७०० किलोंच्या गाडीला खाली ओढणारा जोर सुमारे १३७ किलो असतो. तो रोखायला २७ किलोंच्या आसपास दाब पुरतो आणि बारीक सिलिंडर सहज ७० देतो. पहिल्या मिनिटाला गाडी छान उभी राहते. खरा प्रश्न पुढच्या काही तासांचा आहे.

दांड्याला खिट्टी लावून दाब अडकवून ठेवला, किंवा नळीत दाब कोंडणारा ‘लाइन लॉक’ व्हॉल्व्ह बसवला, तरी गाडी धरून ठेवण्याची जबाबदारी शेवटी रबरी सीलवर येते. ब्रेक ऑइल जवळजवळ दाबले जात नाही, हा त्याचा गुण इथे दोष ठरतो. दाबलेली स्प्रिंग थोडी पसरली तरी तिचा बराच जोर शिल्लक राहतो. ऑइलचे काही थेंब सीलच्या कडेने निसटले तर दाब झपाट्याने उतरतो. गाडी नुकतीच घाटातून आली असेल तर ऑइल, पॅड आणि डिस्क तापलेले असतात. थंड होताना तिन्ही आकसतात आणि गळती नसतानाही दाब कमी होतो. मालक चहा पिऊन परत येईपर्यंत गाडी जागेवर असेल, याची खात्री देता येत नाही.

ट्रकची रचना याच्या नेमकी उलट आहे. त्याच्या पार्किंग ब्रेकमध्ये एक दणकट स्प्रिंग असते. ती कायम ब्रेक लावायलाच पाहते. गाडी चालताना हवेचा दाब तिला मागे रेटून धरतो. हवा गळाली, नळी फुटली किंवा टाकी रिकामी झाली, तर स्प्रिंग मोकळी होते आणि ब्रेक लागतो. बिघाड झाला की गाडी थांबते. हायड्रॉलिक हँडब्रेकमध्ये बिघाड झाला की गाडी सुटते.

आणखी एक मुद्दा बऱ्याचदा लक्षात येत नाही. चालत्या गाडीचा पायाचा ब्रेक गेला तर केबलचा हँडब्रेक हा शेवटचा आधार असतो, कारण त्याचा ऑइलशी संबंध नसतो. मधल्या नळीत बसवलेला हायड्रॉलिक हँडब्रेक त्याच ऑइलवर आणि त्याच कॅलिपरवर अवलंबून असतो. मागची नळी फुटली तर मागच्या चाकांचा पायाचा ब्रेकही जातो आणि हातातला आधारही.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ९६ नुसार कारला दोन स्वतंत्र आणि कार्यक्षम ब्रेक-व्यवस्था असाव्या लागतात : पायाने चालणारा ब्रेक आणि पार्किंग ब्रेक. ‘स्वतंत्र’ हा शब्द इथे कळीचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या कारच्या ब्रेकविषयीच्या १३-एच या नियमातही हेच सूत्र आहे. पार्किंग ब्रेकने चालक गाडीत नसतानाही गाडी उतारावर धरली पाहिजे आणि ती पकड निव्वळ यांत्रिक साधनाने टिकली पाहिजे. चाचणीचा उतार २० टक्के आणि हाताचा जोर कमाल ४०० न्यूटन, म्हणजे साधारण ४० किलो. कोंडलेला द्रव हे यांत्रिक साधन नव्हे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलात बदल करण्यास मनाई आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा कलम १८९ खाली वेगळा गुन्हा आहे. अपघात झाल्यास असा बदल विमा कंपनीला दावा नाकारण्याचे कारणही पुरवू शकतो.

स्पर्धेची गाडी तयार करणाऱ्यांनी काय करावे?

हलकी गाडी स्वतः बांधणाऱ्यांपुढे एक खरी अडचण असते. शर्यतीसाठीच्या अनेक हलक्या कॅलिपरमध्ये केबल जोडण्याची सोयच नसते. त्यामुळे हायड्रॉलिक हँडब्रेकवरच भागवण्याचा मोह होतो. त्याला दोन चांगले पर्याय आहेत. पहिला, मागच्या डिस्कवर फक्त पार्किंगसाठी एक छोटा, केबलने चालणारा कॅलिपर लावणे. दुसरा, इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकचा कॅलिपर. त्यात छोटी मोटर स्क्रू फिरवून पॅड दाबते. वीज गेली तरी स्क्रू आपोआप उलटा फिरत नाही, म्हणून पकड यांत्रिकच राहते. हायड्रॉलिक हँडब्रेक मग फक्त वळणापुरता वापरावा.

किनारपट्टीच्या भागात देखभाल अधिक काटेकोर हवी. नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते आणि ओल वाढली की त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. निकषानुसार डॉट-४ दर्जाचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. ठरावीक प्रमाणात ओल मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि ब्रेक पोकळ लागतो. पालघरच्या पावसाळी, खाऱ्या हवेत ऑइल वेळेवर बदलणे आणि लोखंडी नळ्यांवर गंज चढला आहे का ते पाहणे, ही दोन कामे पुढे ढकलू नयेत.

गाडीत असा हँडब्रेक आधीच बसवलेला असेल तर तीन गोष्टी तपासून घ्याव्यात. मूळ केबलचा ब्रेक अजून जागेवर आहे का? दांडा सोडल्यावर मागची चाके हाताने मोकळी फिरतात का? आणि ब्रेकचे दोन मूळ मार्ग अजून वेगळेच आहेत का? एकाही प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वी जाणकार मेकॅनिककडे न्यावी. तोवर ती सपाट जागी, गिअरमध्ये टाकून आणि चाकाखाली दगड लावूनच उभी ठेवावी.